नळ किती दिवसाला येतो?

आमच्या घरी सध्या एक एक्सेल शीट रोज रात्री जेवणानंतर उघडली जाते. शीटचं नाव 'पर्थ'. डाव्या बाजूला ओळी : पगार, घरभाडं, बालवाडीचा खर्च (मूल अजून नाही, पण बायको दूरदृष्टीची आहे), विमानाचं तिकीट, मराठी मंडळ आहे का, वगैरे. उजवीकडे दोन रकाने, एक पुण्याचा आणि एक पर्थचा. गेले चार महिने आम्ही ऑस्ट्रेलियाच्या पीआरच्या मागे लागलोय. ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटीकडून डिग्री आणि अनुभव तपासून झाला, इंग्रजीची परीक्षा झाली. वयाचे तीस गुण बत्तिशीपर्यंतच मिळतात, त्यामुळे 'जायचं तर आत्ताच' हे घड्याळ डोक्यात टिकटिक करत असतं.

तर मंडळी, मागच्या आठवड्यात बायकोनं त्या शीटमध्ये एक नवी ओळ घातली. 'पाणी'. आणि पर्थच्या रकान्यात लाल रंग भरला.

"का गं?" म्हटलं, "समुद्रकिनाऱ्यावरचं शहर आहे."

"तिथं पाण्यावर निर्बंध आहेत. मी वाचलंय. बागेला आठवड्यातून दोनच दिवस पाणी घालता येतं. जास्त घातलं तर शंभर डॉलर दंड. असल्या ठिकाणी संसार थाटायचा?"

इथे एक खुलासा करायला हवा. बायको कोल्हापूरची. तिच्या माहेरी पाण्याबद्दलची एकमेव काळजी म्हणजे पंचगंगा रस्त्यावर कधी येते. पाणी कमी पडू शकतं ही कल्पनाच तिला परकी. मी लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा. त्यामुळे तिची काळजी ऐकून मला आधी हसूच आलं. पण हसून झाल्यावर वाटलं, ती विचारतेय ते चूक नाही. दुसऱ्या देशात आयुष्य मांडायला निघालेल्या माणसानं तिथल्या पाण्याची चौकशी करायलाच हवी. आपले आजोबा-पणजोबा मुलगी देताना आधी गावची विहीर बघायचे. आपण मात्र इंटरनेटचा स्पीड बघतो.

म्हणून त्या शनिवारी बसून नियम नीट वाचले. ते असे. पर्थमध्ये बागेचे स्प्रिंकलर आठवड्यातून दोन दिवस लावता येतात. तुमचे दिवस कुठले ते घर क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यावरून ठरतं. सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी सहानंतर, आणि दिवसातून एकदाच. जून ते ऑगस्ट स्प्रिंकलर पूर्ण बंद, कारण तिथे तो हिवाळा आणि हिवाळ्यातच पाऊस. म्हणजे आपल्याकडे मृग लागतो तेव्हा त्यांचीही झाडं पावसावर. हातात पाइप धरून किंवा झारीनं पाणी घालायला मात्र मोकळीक. नियम मोडला तर शंभर डॉलर दंड. घरातल्या नळावर, आंघोळीवर, धुण्यावर काही बंधन नाही.

एवढंच. वीसहून अधिक वर्षं तिथले लोक आठवड्याचं हे वेळापत्रक पाळताहेत.

रविवारी गावी फोन केला. बाबा निवृत्त शिक्षक, त्यांना सगळं सविस्तर सांगावं लागतं. नोकरी, हवामान, घरभाडं ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "पाण्याचं कसं आहे रे तिथं?"

"निर्बंध आहेत बाबा."

"म्हणजे? नळ किती दिवसाला येतो?"

"रोज. चोवीस तास असतो."

फोनवर जरा वेळ काहीच आवाज नाही. मग बाबा म्हणाले, "मग निर्बंध कशाचे?"

मला उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे ते राहून गेलेलं उत्तर आहे असं समजा.

आमच्या गावात नळ आठ-दहा दिवसांनी येतो. उन्हाळ्यात ते अंतर वाढतं. नक्की कधी येणार हे कुणी सांगत नाही. नळ सोडणाऱ्या माणसाचा नंबर सगळ्या गल्लीनं जपून ठेवलेला असतो आणि तो कुणाचाच फोन उचलत नाही. त्यात त्याचीही चूक नाही, एक माणूस किती फोन उचलणार? मग कुणीतरी रात्री दोन वाजता ओरडतं, "नळ आलाऽऽ", आणि गल्लीतले सगळे दिवे लागतात. हौद, ड्रम, टीप, घागरी, कळशा, कुकरसुद्धा. टुल्लू पंप लावला नाही तर पाणी वर चढत नाही, आणि सगळ्यांनी लावला की कुणाकडेच धड येत नाही. माझ्या बारावीच्या परीक्षेच्या आदल्या रात्री नळ आला होता. मी पाणी भरत भरत फिजिक्स वाचत होतो. त्या पेपरात द्रवगतिशास्त्रावर एकही प्रश्न आला नाही हा नियतीचा विनोद :-)

आता गंमत अशी की आमच्या गावात 'निर्बंध' कधीच जाहीर झाले नाहीत. किती पाणी वापरा, कशाला वापरू नका, असा एकही कागद आमच्या दारात आला नाही. कागदोपत्री आम्ही पूर्ण स्वतंत्र.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळेल. आपण एखाद्या सर्व्हरला जास्तच रिक्वेस्ट पाठवल्या तर चांगला सर्व्हर ४२९ असा कोड परत पाठवतो. म्हणजे 'बाबा रे, जरा हळू, इतक्या सेकंदांनी परत ये.' वाईट सर्व्हर काहीच सांगत नाही. तो नुसता लटकतो. तुम्ही परत परत बटण दाबता, तुमच्यासारखे हजार जण दाबतात आणि तो आणखीनच बसतो. माझ्या मते पर्थचा नियम हा ४२९ आहे. आमच्या गावचा नळ म्हणजे लटकलेला सर्व्हर. आणि टुल्लू पंप म्हणजे परत परत दाबलेलं बटण.

तेव्हा 'निर्बंध' हा शब्द वाचून घाबरायचं की हायसं वाटून घ्यायचं, हे तुम्ही कुठून आलात त्यावर आहे. माझं मत स्पष्ट आहे. पाण्यावर नियम असलेल्या शहराला मी भीत नाही. कुणीतरी पाणी मोजलंय, पुढच्या उन्हाळ्याचा हिशेब केलाय आणि तो सगळ्यांना आधी सांगितलाय, एवढाच त्या नियमाचा अर्थ.

आणि पर्थला हिशेब करावाच लागला. पुणे आणि पर्थ, दोन्हीकडे वर्षाला साधारण सातशे ते आठशे मिलिमीटर पाऊस पडतो. पण १९७० च्या दशकापासून तिथला पाऊस पाचव्या-सहाव्या हिश्श्यानं घटत गेला आणि धरणांत येणारं पाणी तर निम्म्याहूनही खाली गेलं. कारण कोरडी जमीन पहिला पाऊस स्वतःच पिऊन टाकते, ओढ्यापर्यंत जाऊच देत नाही. (हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.) २००४ साली टिम फ्लॅनरी या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञानं इशारा दिला होता की हे शहर एक दिवस ओसाड पडू शकतं. ते ओसाड पडलं नाही. २००६ मध्ये क्विनाना इथे समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प सुरू झाला, २०११ मध्ये बिनिंगअपला दुसरा. २०१७ पासून सांडपाणी पिण्याच्या दर्जाचं शुद्ध करून जमिनीखालच्या साठ्यात सोडलं जातं. आणि हे सगळं करूनही स्प्रिंकलरचे दोन दिवस त्यांनी सोडले नाहीत. नवीन पाणी आलं म्हणून जुनी शिस्त मोडली नाही, हे मला सगळ्यात विशेष वाटलं.

आकडे आपल्या भाषेत सांगतो. ते दोन्ही प्रकल्प मिळून वर्षाला जास्तीत जास्त १४५ अब्ज लिटर पाणी देऊ शकतात, म्हणजे साधारण पाच टीएमसी. पुण्याच्या वरच्या चार धरणांची, म्हणजे खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघरची, मिळून क्षमता सुमारे २९ टीएमसी. पुण्याच्या धरणांच्या सहाव्या हिश्श्याइतकं पाणी त्यांनी वीज जाळून समुद्रातून काढलं. ज्याला पाण्याची खरी किंमत मोजावी लागते तो स्प्रिंकलरवर नजर ठेवणारच.

आणखी एक आकडा तर बायकोलाही गप्प करून गेला. २००७ मध्ये ब्रिस्बेनच्या भोवतालच्या धरणांत सतरा टक्क्यांहून कमी पाणी उरलं. तेव्हा तिथल्या सरकारनं लोकांना आवाहन केलं की माणशी दिवसाला १४० लिटरमध्ये भागवा. चार मिनिटांत आंघोळ उरका म्हणून वाळूची घड्याळं वाटली. लोकांनी ऐकलं, उलट त्याहूनही कमी वापरलं. पुढच्याच वर्षी मेलबर्नमध्ये १५५ लिटरचं उद्दिष्ट जाहीर झालं. हा त्यांचा महाभयंकर दुष्काळ. आता आपल्याकडे शहरांच्या पाणीपुरवठ्याची जी मानकं आहेत त्यात साधारण शहरासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. म्हणजे सगळं सुरळीत असताना! खेड्यांसाठी जलजीवन मिशनचा आकडा ५५ लिटर. त्यांच्या संकटातला आकडा आपल्या स्वप्नातल्या आकड्यापेक्षा मोठा आहे.

आता इथे थांबलो तर हा लेख 'तिकडे सगळं छान आणि इकडे सगळं वाईट' या छापाचा होईल, आणि तसले लेख मला स्वतःला आवडत नाहीत. तेव्हा दुसरी बाजू.

स्टॅन्थॉर्प नावाचं एक छोटं गाव आहे क्वीन्सलंडमध्ये. सफरचंदं आणि द्राक्षांचा भाग. २०२० च्या जानेवारीत त्यांचं धरण आटलं आणि गावाला वॉरविकहून टँकरनं पाणी आणावं लागलं. वर्षाहून अधिक काळ. माणशी ८० लिटरची मर्यादा होती. म्हणजे ऑस्ट्रेलिया म्हटलं की नळ वाहताच, असं नाही. समुद्रकाठच्या श्रीमंत महानगराची गोष्ट वेगळी आणि आतल्या गावाची वेगळी. स्टॅन्थॉर्पजवळ समुद्र नाही आणि लातूरजवळही नाही.

आणि केपटाऊन. २०१८ च्या फेब्रुवारीत तिथे माणशी ५० लिटरची मर्यादा आली. नळ बंद होण्याचा दिवस 'डे झीरो' या नावानं जगभर गाजला. पुढे पाऊस आला आणि तो दिवस टळला. पण त्या वेळच्या बातम्यांत एक गोष्ट कोपऱ्यात राहिली. झोपडवस्त्यांमधले लोक डे झीरोच्या कितीतरी आधीपासून सार्वजनिक नळावर रांगेत उभे होतेच. ज्या दिवसाची बाकीच्यांना भीती वाटत होती, तो त्यांचा रोजचा दिवस होता.

म्हणून मला वाटतं, स्थलांतर करणाऱ्यानं 'तिथे पाणी आहे का' एवढंच विचारणं अपुरं आहे. पाणी कमी पडतं तेव्हा तुटवडा कुणाच्या वाट्याला जातो, हा खरा प्रश्न. पर्थमध्ये तो हिरवळीच्या वाट्याला जातो, सगळ्यांच्या घर क्रमांकाप्रमाणे. पुण्यात आमच्या सोसायटीत मार्च ते जून टँकर येतात, मेंटेनन्समध्ये दोन-तीन हजारांची भर पडते आणि बाराव्या मजल्यावर शॉवर चालू राहतो. तो टँकर ज्या विहिरीतून भरला तिच्या शेजारच्या वस्तीत काय होतं, हे आमच्या मीटिंगमध्ये कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही. मीही विचारलं नाही, हे कबूल करतो. तुटवडा असतोच, फक्त ज्याच्याकडे पैसे आहेत त्याच्या दारावरून तो पुढच्या दाराशी जातो.

ज्यांच्या शीटमध्ये अशीच ओळ असेल त्यांच्यासाठी माझ्या चौकशीचा निचोड. एक, शहराचं पाणी येतं कुठून ते बघा. एकाच धरणावर सगळा भार असेल तर सावध, दोन-तीन वेगवेगळे स्रोत असतील तर बरं. दोन, बातम्यांचे मथळे वाचू नका, मूळ नियम वाचा. 'कडक निर्बंध' या मथळ्याखाली बहुतेक वेळा गाडी धुण्याबद्दलचं एक वाक्य निघतं. तीन, व्हिसाच्या अटीमुळे लहान गावात जावं लागणार असेल तर त्या गावाची वेगळी चौकशी करा, महानगराचे आकडे तिथे लावू नका. चार, भाड्याचं घर घेताना पाण्याचं बिल कुणी भरायचं आणि बाग कुणी जगवायची हे करारात बघा. बाग वाळली म्हणून घरमालक कुरकुर करेल आणि स्प्रिंकलर लावला म्हणून दंड होईल, या कात्रीत सापडू नका. यावर बायकोचं उत्तर : "बाग नसलेलं घर घेऊ." बरोबर आहे.

एवढं सगळं झाल्यावर तिनं लाल रंग काढला आणि पर्थपुढे हिरवा भरला. विषय संपायला हवा होता.

पण संपला नाही. बाबांचा प्रश्न डोक्यात घोळत राहिला आणि मला कळलं की शीटमध्ये एक रकाना कमी आहे. पर्थ आहे, पुणे आहे. गाव नाही.

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. मिरजेहून निघालेली ती पहिली गाडी दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन १२ एप्रिलला पोचली. (बायकोला मी नेहमी चिडवतो, आपलं लग्न व्हायच्या आधीच तुमच्याकडचं पाणी आमच्याकडे आलं होतं.) त्याआधी मार्चमध्ये तिथल्या पाणवठ्यांभोवती जमावबंदी लागली होती, पाण्यावरून मारामाऱ्या होतील म्हणून. हॉस्टेलवर आम्ही ते टीव्हीवर बघत होतो. घरी फोन केला की आई म्हणायची, "आमचं चाललंय बरं, तू अभ्यास कर." नंतर कळलं की त्या उन्हाळ्यात बाबा टँकरच्या रांगेत पहाटे चारला नंबर लावायचे. मला कळवलं नव्हतं, परीक्षा होती ना.

आज बाबा पासष्टचे आहेत. गुडघे कुरकुरतात. नळ अजूनही रात्रीच येतो. मी पुण्यात आहे तोवर 'काही लागलं तर सात-आठ तासांत येतो' हे वाक्य बोलता येतं. खरं तर मी पाणी भरायला कधीच गेलेलो नाही, पण जाऊ शकतो ही समजूत दोघांनाही पुरत होती. पर्थहून ती समजूतसुद्धा उरणार नाही. म्हणजे पर्थच्या स्प्रिंकलरची जी चर्चा आम्ही चार रात्री केली, ती माझ्यापुरती तरी चुकीच्या पत्त्यावरची होती. मला भीती पर्थच्या पाण्याची नव्हतीच.

मग यावर उपाय काय, जायचंच नाही? नाही, तसं मी म्हणणार नाही. मी इथे राहिल्यानं गावात नळ रोज येणार नाही, इतके दिवस राहिलो तेव्हा कुठे आला? पण 'इथे पाणीसुद्धा मिळत नाही' असं म्हणत ऐटीत विमानात बसणाऱ्यांतला मला व्हायचं नाही. ज्याला पाणी मिळत नाही तो माझा बाप आहे, मी नव्हे. त्याच्या अडचणीचं तिकीट करून मी प्रवास करणं बरं दिसत नाही.

म्हणून काल थोडं गणित केलं. गावच्या घराची गच्ची अंदाजे हजार स्क्वेअर फूट, म्हणजे ९३ चौरस मीटर. सातशे मिलिमीटर पाऊस धरला तर वर्षाला ६५ हजार लिटर पाणी गच्चीवर पडतं. सांडलं, उडालं, पहिल्या पावसाचं सोडून दिलं असं वीस टक्के वजा केलं तरी ५२ हजार. दोन माणसांना १३५ लिटरच्या हिशेबानं ते १९० दिवस पुरेल. सगळं साठवायला तेवढी टाकी होणार नाही हे मलाही कळतं, पण दहा हजार लिटर साठवून बाकीचं गाळून बोअरच्या कडेला मुरवता येतं. पाऊसच कमी झाला तर हे गणित कोसळेल, तेही कळतं. आणि यानं गल्लीतल्या बाकीच्यांचं काय, हा प्रश्न उरतोच. पण एका घराचे रात्रीचे दोन वाजता उठणे तरी कमी होईल. पीआरच्या कागदपत्रांवर आत्तापर्यंत जेवढा खर्च झाला त्याच्या निम्म्यात हे काम होतंय. हे मी दहा वर्षांपूर्वी का नाही केलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

बाबांना फोनवर सांगितलं. म्हणाले, "उगाच खर्च करू नको, तुला तिकडं पैसे लागतील."

"बाबा, तिकडं पाण्यावर निर्बंध आहेत," म्हटलं, "तुमच्याकडं तरी नकोत."

हसले. बऱ्याच दिवसांनी.

असो. शीटमध्ये आता तीन रकाने आहेत. 'पाणी' या ओळीत पर्थ हिरवं, पुणे पिवळं आणि गाव लाल. पुढच्या शनिवारी गच्ची मोजायला गावी जातोय. अंदाजे हजार स्क्वेअर फूट म्हटलं खरं, पण टेप लावून बघायला हवं.